रबर आणि प्लास्टिक शीट वापरताना या चुका टाळा

फ्लँजमधून (पाइप बोल्टने जोडायच्या चकत्यांच्या सांध्यातून) गळती सुरू झाली की जुनं पॅकिंग (सांध्यात बसवलेला शीटचा तुकडा) खरवडायचं, भंगारच्या डब्यात टाकायचं आणि स्टोअरमधल्या त्याच रोलमधून नवा तुकडा कापून बसवायचा. वाळूजचा कारखाना असो, लातूरची तेलगिरणी असो की नांदेड-परभणीकडचा साखर कारखाना, बहुतेक ठिकाणी काम असंच चालतं. काही आठवड्यांनी पुन्हा गळती, पुन्हा तोच रोल. मग "हल्ली माल चांगला येत नाही" म्हणून दुकानदाराला फोन. माल खराब असतोही कधी कधी, नाही असं नाही. पण जास्त वेळा शीट चांगली असते आणि ती नको त्या जागी बसवलेली असते.

निकामी तुकडा फेकून देणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. निघालेलं पॅकिंग आपण का निकामी झालो ते स्वतःच सांगत असतं, फक्त ते हातात घेऊन बघायला पाहिजे.

तुकडा फुगलेला, मऊ, चिकट झाला असेल तर त्या रबराला समोरचं तेल किंवा सॉल्व्हंट चालत नाही. व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावा. 3 मिमीचं पॅकिंग साडेतीन भरलं तर वेगळा पुरावा नको. तुकडा कडक होऊन वाकवताच तडकत असेल तर बहुधा उष्णतेने मेला आहे. अशा वेळी गरम बाजूचा पृष्ठभाग आधी कडक झालेला दिसतो. मात्र इथे एक गोम आहे. नायट्राइल रबर (तेल सोसणारं कृत्रिम रबर) तेलात फुगण्याऐवजी कधी आकसतं आणि कडक होतं, कारण त्यात मिसळलेला प्लॅस्टिसायझर (रबर मऊ ठेवणारं द्रव्य) तेल ओढून घेतं. त्यामुळे कडक तुकडा दिसला की लगेच तापमानावर खापर फोडू नका, आधी किती तापतं ते मोजा.

बारीक चिरा फक्त ताणलेल्या किंवा दुमडलेल्या भागावर, आणि त्याही ताणाच्या आडव्या दिशेने असतील तर तो ओझोनचा (हवेतल्या, रबर तडकवणाऱ्या वायूचा) मार आहे. पॅकिंग चपटं होऊन तसंच राहिलं, बोट दाबून सोडलं तरी उसळी नाही, तर त्याला 'सेट' बसला आहे: एक तर रबराची प्रत हलकी, नाहीतर तापमान त्याच्या आवाक्याबाहेरचं. कडा बाहेर पिळून फाटल्या असतील तर शीट फार मऊ होती किंवा पान्ह्यावर जोर जास्त पडला.

फिटरना एवढीच सवय लावा: निघालेला तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत चिठ्ठी, त्यावर लाइनचं नाव आणि तारीख. सहा महिन्यांत कुठल्या लाइनवर काय चुकतंय ते आपोआप समोर येतं.

"काळं रबर द्या, तीन एमएमचं"

काउंटरवर रोज ऐकू येणारं हे वाक्य. रंग काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे (काजळीसारखी पूड), आणि तो नैसर्गिक रबर आणि एसबीआर, नायट्राइल, निओप्रीन, ईपीडीएम ही कृत्रिम रबरं, या सगळ्यांत घालतात. पाचही शीट शेजारी ठेवल्या तर अनुभवी माणूससुद्धा नुसत्या नजरेने खात्रीने सांगू शकणार नाही. दुकानदार मग सगळ्यात स्वस्त ती देतो, म्हणजे बहुतेकदा एसबीआर. पाण्याला ती ठीक आहे. तेल लागलं की संपली.

ढोबळ वाटणी अशी. खनिज तेल, ग्रीस, डिझेल असेल तर नायट्राइल, साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंत. सोयाबीन तेलाला आणि सॉल्व्हंट प्लांटमधल्या हेक्झेनलाही (तेल काढायच्या द्रावकालाही) तेच चालतं. ऊन, गरम पाणी, वाफ, कॉस्टिक सोडा यांना ईपीडीएम, पण ते तेलाच्या जवळ नेऊ नका. निओप्रीन मधलं आहे: तेल थोडंफार सोसतं, उघड्यावर टिकतं, आग पटकन धरत नाही. घासलं जाणं, आदळणं, फाटणं या बाबतीत नैसर्गिक रबराची बरोबरी फार थोडे करतात, म्हणून खडी-कोळशाच्या च्यूटला (माल घसरत नेणाऱ्या पन्हाळीला) आजही तेच लावतात. खाद्यपदार्थांच्या कामात आणि कोरड्या उष्णतेत सिलिकॉन, 200 अंशांपर्यंत. पण ते फाटतं लवकर आणि दाबाखालच्या वाफेत टिकत नाही.

शंका आली तर घरगुती चाचणी सोपी आहे. दोन बोटांएवढा तुकडा वजन करून डिझेलमध्ये एक दिवस-रात्र बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. नायट्राइलचं वजन थोडं वाढेल. एसबीआर आणि ईपीडीएम ढबू होऊन बाहेर येतील. निओप्रीन ओळखायला तांब्याची तार लाल तापवून रबरावर टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. हे उघड्यावर करा, आणि व्हायटॉन (फ्लोरीन असलेलं महाग रबर) किंवा टेफ्लॉन (फ्लोरीन असलेलं प्लास्टिक) यांच्या तुकड्यावर अजिबात करू नका. ते जळाले की हायड्रोजन फ्लोराइड सुटू शकतो, आणि तो कातडी आणि फुप्फुस दोन्ही जाळतो.

महाग ते चांगलं, असं धरून चालणे

"वारंवार गळतंय ना, मग व्हायटॉन लावून टाका, एकदाचा विषय संपेल." मीटिंगमध्ये हे वाक्य फार वजनदार वाटतं. व्हायटॉन खरोखरच दर्जेदार आहे. गरम तेलात आणि बऱ्याच आम्लांमध्ये 200 अंशांपर्यंत उभं राहतं. पण गरम कॉस्टिकने धुतल्या जाणाऱ्या लाइनमध्ये, म्हणजे दूध, बिअर किंवा रसाच्या प्लांटमध्ये, साधं व्हायटॉन लवकर खराब होतं. तिथे त्याच्या काही पट स्वस्त असलेलं ईपीडीएम निवांत चालतं. दूध शीतकरणाच्या अमोनिया लाइनवरही व्हायटॉन नको. तिथे निओप्रीन बरं. ॲसिटोनचा तर संबंधच आणू नका.

याच्या जोडीची एक चूक बसवताना होते. शीट बरोबर ईपीडीएमचीच निवडली, आणि फिटरने "सटकन बसावी" म्हणून तिला बेअरिंगचं ग्रीस फासलं. ग्रीस म्हणजे खनिज तेलच. पाण्याच्या पाइपलाइनच्या रिंगांचंही असंच होतं. साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापरा.

कॅटलॉगमधला आकडा हाच रोजचा आकडा समजणे

कॅटलॉगमध्ये लिहिलेलं कमाल तापमान अनेकदा थोड्या वेळासाठीचं असतं. ढोबळ नियम असा की दर 10 अंशांनी तापमान वाढलं की रबराचं आयुष्य निम्म्यावर येतं. नियम अगदी काटेकोर नाही, पण जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीच्या बाजूला लावलेली शीट आणि त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाची शीट यांच्या आयुष्यात एवढा फरक का, ते त्यातून समजतं. प्लास्टिकमध्ये कडक पीव्हीसी 60 अंशांच्या आसपास दम सोडतं. टेफ्लॉन 260 पर्यंत जातं, पण दाबाखाली ते हळूहळू सरकतं. टेफ्लॉनचं पॅकिंग आज घट्ट आवळलं तरी काही दिवसांनी बोल्ट ढिले लागतात ते यामुळे. लाइन थंड असताना पुन्हा आवळायचं, गरम असताना नाही.

उन्हाळा विसरणे

हे खास आपल्याकडचं. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा 42 च्या पुढे जातो, आणि उन्हातली काळी शीट हवेपेक्षा बरीच जास्त तापते. एचडीपीई हे प्लास्टिक लोखंडाच्या दहापटीहून जास्त प्रसरण पावतं. 2 मीटर लांबीची शीट 30 अंशांनी तापली तर साधारण 8 ते 10 मिमी वाढते. तेवढ्याच लोखंडी पट्टीची वाढ 1 मिमीसुद्धा भरत नाही. डाळ मिलच्या हॉपरमध्ये (धान्य ओतायच्या नरसाळ्यात) लायनर, म्हणजे आतलं अस्तर, लावताना गोल भोकं पाडून बोल्ट कचकचून आवळले तर दुपारी शीट फुगवटा धरते आणि डाळ त्याच्या मागे शिरते. भोकं लांबट ठेवा, एकच बोल्ट पक्का, बाकीचे सरकतील असे.

शेततळ्याच्या कागदाचंही तेच. 500 मायक्रॉनचा कागद भर दुपारी ताणून अंथरला आणि कडेच्या चरात मातीने दाबला, तर रात्री तो आकसतो आणि सांध्यावर ताण येतो. सकाळी किंवा संध्याकाळी, थोडी ढील ठेवून अंथरा. मोसंबीवाल्या शेतकऱ्याचं अख्ख्या उन्हाळ्याचं पाणी त्या सांध्यांवर अवलंबून असतं. आणि भोक पडलं तर त्यावर फेविक्विक, एम-सील, टायरचं सोल्युशन काहीही लावू नका. एचडीपीई, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि टेफ्लॉनला साधा गोंद धरतच नाही. एचडीपीईला गरम हवेच्या गनने त्याच जातीचा तुकडा वेल्ड करावा लागतो.

प्लास्टिकमधली आणखी दोन-तीन प्रकरणं पटकन सांगतो. नायलॉन 6 पाण्यात राहिलं तर वजनाच्या 9 टक्क्यांच्या आसपास पाणी पितं आणि मापं बदलतात, म्हणून पंपातला बुश नायलॉनचा केला की पावसाळ्यात शाफ्ट धरून बसतो; तिथे डेलरिन (पाणी फार कमी पिणारं प्लास्टिक) घ्या. अक्रॅलिकचं गार्ड स्पिरिट किंवा थिनरने पुसलं की बारीक जाळी पडते. पॉलिकार्बोनेट फार मजबूत, पण स्क्रूवर थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावला तर भोकापासून तडे जातात. पीपी की पीव्हीसी अशी शंका असेल तर तुकडा पाण्यात टाका: पीपी आणि एचडीपीई तरंगतात, पीव्हीसी बुडतं.

विजेच्या पॅनेलसमोर कुठलीही रबर शीट टाकणे

या एका चुकीवर मी अजिबात सबुरी ठेवत नाही. मघाशी म्हटलं तसं, काळ्या शीटमध्ये कार्बन ब्लॅक असतो, आणि तो पुरेसा असला की रबर विजेला वाट देऊ लागतं. पॅनेलसमोर पडलेली उरलीसुरली काळी शीट सुरक्षेचा नुसता भास निर्माण करते. विजेच्या मॅटसाठी भारतीय मानक आहे, आयएस 15652:2006. त्यात अ श्रेणी 3.3 केव्हीपर्यंत (1 केव्ही म्हणजे 1000 व्होल्ट), जाडी 2 मिमी. ब श्रेणी 11 केव्ही, अडीच मिमी. आणि क श्रेणी 33 केव्ही, 3 मिमी. इंग्रजी शिक्क्यात ही ए, बी, सी अशी दिसतात. मॅटवर शिक्का नसेल तर ती मॅट समजू नका. शिक्का असला तरी चिरलेली, तेलाने माखलेली मॅट लगेच बदला.

जोर लावून गळती थांबवणे

रबर दाबलं की त्याचं आकारमान कमी होत नाही, ते फक्त बाजूला पसरतं. त्याला पसरायला जागा लागते. म्हणून 3 मिमीची मऊ शीट साधारण 20 ते 25 टक्के दबेल इतकंच आवळा, समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत. एका बाजूने पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळणारा फिटर पॅकिंग तिरकं करून ठेवतो. नंतर पान्ह्याला पाइप घालून कितीही ताकद लावली तरी ते सरळ होत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे साठा

आयएसओ 2230 (रबराच्या साठवणुकीचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे नीट गुंडाळून, अंधारात, 25 अंशांच्या आत ठेवलेल्या नैसर्गिक रबर आणि एसबीआरची सुरुवातीची साठवण मुदत 5 वर्षं, नायट्राइल आणि निओप्रीनची 7, ईपीडीएम, सिलिकॉन आणि व्हायटॉनची 10. आपल्या पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मेमध्ये 25 अंश कुठून आणणार? त्यामुळे हे आकडे आपल्यासाठी बरेच कमी धरावेत आणि थोडा थोडा माल घ्यावा. रोल आडवा, घडी न घालता ठेवा. वेल्डिंगच्या बूथजवळ किंवा ठिणग्या उडवणाऱ्या मोटारीशेजारी ठेवू नका, तिथे ओझोन तयार होतो.

खरेदीच्या ऑर्डरवर "रबर शीट 3 एमएम" एवढंच लिहिलं तर पुरवठादाराला मोकळं रान मिळतं. त्याऐवजी असं लिहा: नायट्राइल शीट, 3 मिमी, कडकपणा शोअर ए 65 अधिक-उणे 5, सोयाबीन तेलाच्या लाइनसाठी, 80 अंश सेल्सिअस, उत्पादनाचा महिना-वर्ष रोलवर छापलेला हवा, सोबत चाचणी अहवाल. माल आल्यावर ड्युरोमीटर (कडकपणाचा शोअर आकडा दाखवणारं साधन) टेकवून कडकपणा बघा आणि एक तुकडा डिझेलच्या बरणीत टाका. बिल पास करायचं ते दुसऱ्या दिवशी, बरणी उघडल्यावर.