कोकणात फ्लायट्रॅप, लिथॉप्स लावताय? मग या चुका टाळा

रील बघून व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानांच्या सापळ्यात किडे धरणारं झाड, मागवायचा, पहिले पंधरा दिवस येईल त्याला दाखवायचा, मग एकेक सापळा काळा पडायला लागला की खत कमी पडलं असेल म्हणून मूठभर शेणखत टाकायचं. झालं, रोप गेलं. रत्नागिरी काय नि वेंगुर्ला काय, सगळीकडे हाच प्रकार.

हे झाड अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साऊथ कॅरोलिनाच्या दलदलीतलं, तिथल्या मातीत नायट्रोजन जवळपास नसतोच म्हणून तर ते किडे धरून खातं, त्यामुळे शेणखत, युरिया, लाल माती यातलं काहीच त्याच्या मुळांना झेपत नाही. पीट मॉस (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे), बास. कोकोपीट वापरणार असाल तर गोड्या पाण्यात तीन-चार वेळा भिजवून पिळून घ्या, कारण बऱ्याच कोकोपीटमध्ये मीठ असतं.

पण जास्त झाडं मरतात ती पाण्याने. बोअरचं पाणी घालूच नका. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ५० च्या आत हवा, आणि घरचा आरओ आहे म्हणून निश्चिंत राहू नका, बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, मीटर लावून बघा. खरं तर आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि लोक डिस्टिल्ड वॉटरचे कॅन विकत आणतात, कमाल आहे! पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या, कौलांवरची धूळ, पाला वाहून जाईल, मग पागोळ्यांखाली पिंप लावा आणि डासांसाठी वर फडकं बांधा. कुंडीखाली बशी ठेवून त्यात बोटाच्या पेराएवढं पाणी, वरून ओतायची गरज नाही.

आता पोरांचा उद्योग, म्हणजे सापळ्यात बोट घालणं. आतल्या बारीक केसांना साधारण २० सेकंदांत दोनदा धक्का लागला की सापळा मिटतो, आणि प्रत्येक सापळा अशा मोजक्याच वेळा मिटू शकतो, मग तो वाळतो. मेलेली माशी टाकूनही उपयोग नाही, आत वळवळ झाली तरच पचन सुरू होतं. पडवीत ठेवलंत तर मुंग्या, माश्या त्याचं तोच बघून घेईल.

आणि एवढं सगळं करूनही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते खंगतं, कारण त्याला तीन महिने खरी थंडी लागते आणि आपल्याकडे जानेवारीतही दुपारी घाम येतो. काहीजण डिसेंबरात रोप काढून मुळं ओल्या मॉसमध्ये गुंडाळतात आणि पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. चालतं, फक्त घरात आधी सांगून ठेवा.

माझं विचाराल तर कोकणात फ्लायट्रॅपच्या नादी लागण्यापेक्षा नेपेंथिस घ्या, म्हणजे ते किडे पकडणाऱ्या सुरया लटकणारं झाड. त्यातही सखल भागातल्या जाती, अँप्युलारिया किंवा मिराबिलिस, यांना आपली दमट हवा मानवते. बोर्निओच्या किनाबालू डोंगरावरची 'राजा' जात मात्र नको, तिला रात्री गारवा लागतो. सुरया येत नसतील तर बहुतेक वेळा कुंडी फार सावलीत असते. आणि सुरईतलं पाणी घाण दिसतं म्हणून ओतू नका, ते तिचं पोट आहे.

लिथॉप्सचं नेमकं उलटं. दक्षिण आफ्रिका, नामिबियातलं हे दगडासारखं दिसणारं झाड आपल्या पावसात एका आठवड्यात पिचपिचीत होतं. जून ते सप्टेंबर पारदर्शक पत्र्याखाली, वारा खेळेल तिथे ठेवा, पाणी बंद. माती कमी, बारीक खडी जास्त. मधून पानांची नवी जोडी वर येत असते तेव्हा जुनी पानं सुरकुततात, त्या वेळी दया येऊन पाणी घातलं की संपलंच.

टिलँडसिया, म्हणजे मातीशिवाय वाढणारं एअर प्लांट, तांब्याच्या तारेने बांधू नका, तांबं त्याला बाधतं. भिजवल्यावर उलटं धरून झटका, बुडात पाणी साचलं की सडतं.

श्रावण-भाद्रपदात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चिकट पानांनी किडे धरणारा ड्रोसेरा दिसला की खणून आणायचा मोह होतो. कातळावरच्या बोटभर मातीत उगवणारं, एका हंगामाचं झाड ते, कुंडीत जगत नाही. फोटो काढा आणि या.

शेवटचं, ऑनलाइन मिळणाऱ्या रॅफ्लेशियाच्या, म्हणजे त्या घाण वासाच्या अवाढव्य फुलाच्या बिया. रॅफ्लेशियाला स्वतःचं मूळ नाही, पान नाही, टेट्रास्टिग्मा नावाच्या वेलीच्या आत ते परजीवी म्हणून राहतं, कुंडीत बी पेरून उगवेल कसं? घाण वास मारणारं अवाढव्य फूलच हवं असेल तर सुमात्राच्या टायटन अरमचा भाऊबंद आपल्या परसात आहेच, सुरण! चांगला मोठा कंद यंदा न खणता राहू द्या, मेच्या सुमारास फुलला तर माश्या गोळा होतील असा वास सुटेल. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावू नका.