सागवान उतरवण्याआधी टीपी वाचा

जीएसटीचं पक्कं बिल हातात आलं की माल एक नंबरचा, असा इंदूरच्या बऱ्याच फर्निचरवाल्यांचा समज आहे. वनखातं तसं धरत नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 69 नुसार, लाकूड सरकारचं आहे का असा प्रश्न कारवाईत निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच मानतात. सिद्ध करायचं तुम्हाला. पैसे कोणाला दिले ते बिलावरून कळतं. लाकूड कुठून निघालं ते टीपीवरून, म्हणजे वाहतूक परवान्यावरून. ई-वे बिल टीपीची जागा घेत नाही.

बैतूल किंवा हरद्याहून गाडी आली की एकही लठ्ठा उतरवण्याआधी टीपीवरचा गाडी नंबर, मुदत, जात, नगसंख्या आणि घनमीटर जुळवा. लठ्ठ्याच्या तोंडावर वनखात्याने हातोड्याने ठोकलेल्या निशाणीचा फोटो तेव्हाच काढा. टोक कापलं की निशाणी भुश्यात जाते, आणि उरलेला तुकडा बेवारस ठरतो. मुदत संपलेली किंवा नंबर चुकलेली गाडी परत पाठवा. कलम 52 खाली मालाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते.

खरी गडबड मापात होते. घेर 120 सेंमी, लांबी 3 मीटर असेल, तर चौथाई घेराच्या हिशोबाने 0.30 × 0.30 × 3 = 0.27 घनमीटर, साधारण साडेनऊ घनफूट. हे माप खऱ्या गोल आकारमानापेक्षा सुमारे 21 टक्के कमी येतं. त्यामुळे चिराण, म्हणजे चिरलेलं लाकूड, कागदावर जास्त निघाल्यासारखं दिसतं आणि तपासणीत अडकायला होतं. रजिस्टरात आवक कोणत्या पद्धतीने मोजली ते लिहा, आणि प्रत्येक टीपीखाली चिराण, तूट, विक्री नि शिल्लक वेगळी मांडा.

लठ्ठे बाहेर चिरून घेत असाल, तर आरा मशीनचा परवाना 1984 च्या मध्यप्रदेश काष्ठ चिरान अधिनियमाखालचा आणि चालू आहे ना, हे बघून त्याची झेरॉक्स फायलीत लावा.

निर्यातीला आणखी कागद लागतात. बेकायदा मिळवलेल्या वन्यजीव नि वनस्पतींच्या व्यापाराविरुद्धचा लेसी कायदा अमेरिकेत 2008 पासून लाकडालाही लागू आहे. तिथला आयातदार शास्त्रीय नाव आणि तोडीचा देश विचारतो. नुसतं ‘टीक’ लिहू नका, टेक्टोना ग्रँडिस लिहा. शिसम 2017 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे, म्हणून ऑर्डर घेण्याआधीच कागद विचारून घ्या.

राहिलं जुन्या वाड्यांचं सागवान. त्याला टीपी सापडत नाही, म्हणून वाडा पाडण्याआधी तुळयांचे जागेवरचे फोटो, मालकाचं लेखी पत्र आणि नगांची यादी घ्या. हलवण्याआधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारा.