लाल मुनिया पाहायची असेल तर आधी गवत शोधा

लाल मुनिया जेमतेम 10 सेंटिमीटर लांबीची, चिमणीपेक्षाही लहान असते आणि उंच गवतात शिरली की दिसेनाशी होते. म्हणून शोधाची सुरुवात पक्ष्यापासून न करता त्याच्या अधिवासापासून करावी. तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठची पाणकणसे, उसाच्या शेतांच्या कडा आणि विशेषतः बी धरलेले उंच गवत या तिच्या आवडत्या जागा आहेत. दाट जंगलात तिला शोधण्यात वेळ घालवू नये.

सकाळी लवकर, सूर्य पाठीशी राहील अशा बेताने, गवतापासून थोडे दूर बसावे आणि दुर्बीण हाताशी ठेवून निश्चल राहावे. थवा उतरल्यावर लोंब्यांकडे पाहावे, कारण वारा नसताना एखादीच काडी झुकली असेल, तर तिच्यावर मुनिया बसून बी टिपत असण्याची शक्यता मोठी असते.

भारतात तिची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. त्या काळात नर गडद लाल असतो आणि त्याच्या अंगावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. मादी मात्र तपकिरी असते आणि तिच्या शेपटीच्या मुळाशी तेवढा लाल रंग दिसतो. वीण संपल्यावर नरही बराचसा मादीसारखा दिसू लागतो, त्यामुळे केवळ लाल पक्षी शोधणाऱ्याच्या नजरेतून अख्खा थवा निसटतो. चोचीचा रंगही ऋतूप्रमाणे बदलतो: मे महिन्यात ती लाल होऊ लागते, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गडद होते आणि एप्रिलमध्ये वेगाने काळी पडते. नवख्याने ही खूण आवर्जून टिपून ठेवावी.

गवताच्या पात्यांचे गोलसर घरटे दिसले, तर तेथून लगेच मागे फिरावे. आत बहुधा पाच-सहा पांढरी अंडी असतात, आणि छायाचित्रासाठी बाजूला सारलेले गवत पुन्हा पूर्वीसारखे आडोसा देत नाही. हा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण माणसाच्या हौसेचा त्रास या पक्ष्याने फार सोसला आहे: पिंजऱ्यांसाठी तो अहमदाबादहून परदेशी पाठवला जात असे आणि त्याच्या ‘अमांडावा’ या शास्त्रीय नावाचे मूळही त्याच शहराच्या नावात आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे किंवा विकणे आज गुन्हा आहे.

आपल्याच शेताच्या बांधावर मुनिया येत असतील, तर वीण आटोपेपर्यंत पाण्याकाठच्या गवताचा एक पट्टा न कापता राखावा.