पानठेल्यासारखा ग्रुप कसा चालवायचा

गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बहुतेक ठिकाणी सकाळी गुलाबाच्या फुलांनी उघडतो आणि रात्री कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवर मिटतो. दोनशे माणसं, अन् बोलणारं कोणीच नाही. पानठेल्यावर मात्र हीच माणसं तासभर हलत नाहीत. तिथं एक जण दुसऱ्याला काहीतरी विचारतो आणि दुसरा उत्तर देतो. मोबाइलवर हेच घडवून आणायचं असतं.

सुरुवात माणसांच्या संख्येपासून. एका ग्रुपात १०२४ जण मावतात, म्हणून तेवढे भरायचे नसतात. गप्पांना पंचवीस ते चाळीस पुरेत. त्यापुढं गेलं की लिहिताना प्रत्येकाला कोणीतरी आडवं येतं: सुनेला सासरा, सालदाराला मालक, उधारीवर खत नेलेल्याला कृषी केंद्रवाला. नळ कधी येणार, लाइट कधी जाणार, ग्रामसभा कधी, यासाठी वेगळा ग्रुप करा आणि तिथं फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. बचत गटाचा हिशेबही गप्पांत आणू नका. हप्ता कोणाचा थकला हे चारचौघींना दिसलं, की ती बाई दुसऱ्या दिवसापासून मुकी होते.

कोणाला जोडण्याआधी तोंडी विचारा. अ‍ॅडमिन दोन-तीन असावेत: एक गावातला, एक नोकरीसाठी बाहेर गेलेला, आणि ग्रुपात बाया असतील तर एक बाई हवीच. नव्या माणसाला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल ही सेटिंग चालू ठेवा, नाहीतर लिंक फिरत फिरत तालुकाभर जाते. नवा माणूस आला की अ‍ॅडमिननं एक ओळ लिहावी: कोणत्या मोहल्ल्यातला, कोणाचा कोण. गावात एवढ्यावर ओळख पूर्ण होते.

आता गप्पा. ‘कसे आहात सगळे?’ याला उत्तर येत नाही, कारण सगळ्यांना विचारलेलं कोणालाच विचारलेलं नसतं. एकाचं नाव घ्या आणि ज्याचं उत्तर एका ओळीत देता येईल असं विचारा. ‘काकाजी, तुमच्या वावरात राती किती ओल गेली? आमच्या धुऱ्यावर नुसतं गडगडलं.’ जूनमध्ये हा प्रश्न हमखास चालतो. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या असं कृषी खातं सांगतं, त्यामुळं प्रत्येकाच्या डोक्यात तोच आकडा असतो. कोणी ‘चार बोटं’ लिहील, कोणी ‘आमच्याकडं तर पिपा भरला’ म्हणेल, अन् गाडी सुरू. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांदशेकणीचा फोटो टाकून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ एवढं लिहिलं तरी पुण्यातली पोरं जागी होतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर कोणत्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, कधी आणि नाटक कोणतं, यावर आठवडाभर भागतं.

बाहेरगावी असलेली मंडळी आणि सासरी गेलेल्या लेकी यांच्यासाठी रोज गावातला एक साधा फोटो टाका. सूर्योदय नको, त्यांना गल्ली बघायची असते. कोणाच्या ओट्यावर सांडगे वाळत आहेत, शाळेजवळचं कडुनिंब किती वाढलं, असलं काही. वर्गणी मात्र इथं मागायची नाही. एकदा मागितली की नोकरीवाली मंडळी पंधरा दिवस दिसत नाहीत.

लिहायचं ते बोलतो तसं. ‘काऊन आला नाई काल?’ याला उत्तर येतं, ‘आपण काल अनुपस्थित होता’ याला येत नाही. टायपिंग जमत नसेल तर आवाजी निरोप पाठवा. माइकचं बटण दाबून वर सरकवलं की ते लॉक होतं, बोट धरून ठेवावं लागत नाही. आधी नाव घ्या, मग मुद्दा, आणि तीस-चाळीस सेकंदांत संपवा. मोटारीच्या आवाजात दोन मिनिटांचं भाषण कोणी ऐकत नाही. आणि पलीकडचा स्पीकरवर ऐकतो हे धरून चला, घरातलं गुपित त्यात सांगू नका.

उत्तर उशिरा आलं तर रुसू नये. सोयाबीनच्या सोंगणीत दिवसा फोन कोणी पाहत नाही, आणि पंपाची लाइट रात्रपाळीची असली की माणूस सकाळी झोपलेला असतो. ग्रुपात टिक निळी व्हायला सगळ्यांनी वाचावं लागतं. एकाचाही फोन बंद असला की ती करडीच राहते. ‘वाचून बोलला नाही’ हा राग निम्म्या वेळा तिथूनच येतो. आपला मेसेज दाबून माहिती पाहिली तर कोणी वाचला ते कळतं. पाहायचं तर पाहा, पण त्यावरून भांडू नका.

थट्टा-मस्करीशिवाय गप्पा अळणीच. पण लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो. ‘काय बे’ हे दोन दोस्तांत चालतं, चाळीस जणांसमोर तोच शब्द टोचतो. जो उलट टोला देईल त्याचीच मस्करी करा. कर्ज, पोरीचं लग्न, दारू आणि बोंडअळीनं गेलेला कापूस या चार गोष्टींवर कधीच नाही. चुकलं तर मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो, सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. पुसल्याची खूण मात्र राहते, म्हणून पुसण्याबरोबर फोनही करा.

फॉरवर्डचा नियम कडक ठेवा. मेसेजवर दुहेरी बाण दिसला, की तो किमान पाच हातांतून फिरून आलेला असतो. २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना मारून टाकलं. म्हणून ‘टोळी आली’, ‘वाघ शिरला’ असं काही आलं की आधी विचारा: कोणी डोळ्यानं पाहिलं, कोणत्या वावरात, किती वाजता? उत्तर नसेल तर अ‍ॅडमिननं तो मेसेज तिथंच काढावा आणि पोलीस पाटलांना किंवा वनरक्षकाला फोन करावा. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ (.apk) दिसलं तर ती पत्रिका नसून फोनात शिरणारं अ‍ॅप असतं; दाबूच नका, ओळखीच्या नंबरावरून आली असली तरी. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

निवडणुकीत भांडण पेटलं तर रात्रभर ‘फक्त अ‍ॅडमिन’ लावा आणि सकाळी चहाच्या वेळेला उघडा. कोणाला रात्री काढून टाकू नका, आधी फोन करा. कोणी गुपचूप निघून गेलं तर त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला येते, त्यानं ग्रुपावर दवंडी पिटू नये. सदस्यानं आक्षेपार्ह काही टाकलं तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलं. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी.

मयताची बातमी घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नये. नाव, अंत्ययात्रेची वेळ, कोणत्या मोक्षधामावर, बस. तो मेसेज चोवीस तासांसाठी वर पिन करा, नाहीतर पन्नास ‘भावपूर्ण श्रद्धांजली’खाली वेळच गाडली जाते आणि माणसं उशिरा पोचतात.

वर्षातून एकदा तरी सगळ्यांनी बसावं, आणि त्याला हिवाळ्यातल्या रोडग्यांसारखं, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांसारखं, निमित्त नाही. पोल टाका, पण तारखा दोनच द्या. दहा दिल्या की मतं फुटतात आणि काहीच ठरत नाही. तारीख ठरली की नावानिशी वाटणी लिहा: कणीक कोणाची, वांगी कोणाच्या वावरातली, तेल कोण आणणार. माणशी दोन रोडगे धरा, पोरांना एक. गोवऱ्या आदल्या दिवशीच मागवून वाळल्या आहेत का ते मोडून पाहा, ओल्या निघाल्या तर रोडगे आत कच्चे राहतात आणि धुरानं सगळे डोळे चोळत बसतात.