नवा अँड्रॉइड फोन पहिल्याच दिवशी पास-नापास करू नका, सॉफ्टवेअर पारखताना या चुका टाळा

कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी किती एमएएच हे सगळे विचारतात. पण दिवसभर फोनवर आपण खरं करतो काय, तर टाइप करतो, कॉल घेतो, नोटिफिकेशन बघतो आणि एका ॲपमधून दुसऱ्यात उड्या मारतो, आणि हे सगळं धड होतंय का ते मात्र कोणी तपासत नाही. मग महिन्याभराने सुरू, "फोन बेकार निघाला राव". बऱ्याचदा फोन ठीकच असतो, तपासायची पद्धत चुकलेली असते, आणि कधी उलटंही होतं, म्हणजे फोन खरंच रद्दी असतो आणि आपण आपले नेटवर्कला शिव्या देत बसतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पहिल्या संध्याकाळीच निकाल लावणं. जुन्या फोनवरून डेटा ओढला की आत नुसता गोंधळ चालू असतो, ढिगाने ॲप्स अपडेट होतायत, फोटो सिंक होतायत, गॅलरी चेहरे ओळखत बसलीये, मग फोन गरम होणारच, अडखळणारच आणि बॅटरीही धडाधड उतरणार. शिवाय ॲडॅप्टिव्ह बॅटरी आणि ॲडॅप्टिव्ह ब्राइटनेस हे दोन्ही (२०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये आले) तुमच्या सवयी बघून शिकतात, त्यांना थोडे दिवस द्यावे लागतात. ब्राइटनेस एकदा चुकला की लोक ऑटो बंदच करून टाकतात. बंद करू नका, ऑटो चालू ठेवा आणि चुकला की स्लायडर हाताने सरकवा, त्यावरूनच ते शिकतं. आठवडाभर वापरा, मग बोला.

टचचं मात्र उलटं आहे, तो पहिल्याच दिवशी तपासायचा, कारण खराब निघाला तर बदलून घ्यायची मुदत निघून जाते. अबाउट फोनमध्ये जाऊन बिल्ड नंबर शोधा (काही कंपन्या त्याला वेगळं नाव देतात) आणि त्यावर ७ वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात पॉइंटर लोकेशन नावाचं बटण आहे, ते चालू केलं की बोट जिकडे फिरेल तिकडे स्क्रीनवर रेघ उमटते. आता फरशी पुसल्यासारखं सगळ्या स्क्रीनवरून बोट फिरवा, कडा आणि कोपरे विसरू नका, कीबोर्ड येतो ती खालची पट्टी तर दोनदा बघा. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकं आणि अगदी सावकाश फिरवा. रेघ एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा तुटत असेल तर तिथे टच मेलेला आहे. आणि बोट लावलेलंच नाही तरी रेघा उमटतायत, तर तो घोस्ट टच.

घोस्ट टच दिसला की लगेच "डिस्प्ले गेला" म्हणून घाबरू नका. आधी चार्जर काढून बघा. आपल्या स्क्रीन कपॅसिटिव्ह असतात, म्हणजे बोटामुळे विजेत होणारा अगदी बारीक फरक त्या मोजतात, आणि हलक्या दर्जाच्या चार्जरमधून येणारा नॉइज (विजेतला नको तो चढउतार) त्या मोजण्यातच घुसतो. मग चार्जिंगला लावून टाइप केलं की अक्षरं भलतीच येतात आणि वायर काढली की सगळं शहाण्यासारखं चालतं. तसं असेल तर चार्जर बदला, फोन नाही. तरी थांबलं नाही तर स्क्रीन कोरडी पुसा, मग स्क्रीन गार्ड काढून बघा. आणि फिंगरप्रिंट नीट चालत नसेल तर एक प्रश्न, बोट गार्ड लावायच्या आधी रजिस्टर केलंय का? डिस्प्लेखालचा सेन्सर असेल तर जुनं पुसून गार्डसकट परत रजिस्टर करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

फोन फास्ट आहे का, हे बघण्यातही लोक फसतात. १२० हर्ट्झ म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला १२० वेळा बदलतं, एक फ्रेम ८.३ मिलिसेकंदात, ६० ला १६.७ लागतात, फरक आहेच आणि डोळ्याला दिसतोही, पण ते झालं स्क्रोल किती गुळगुळीत त्याचं, ॲप किती लवकर उघडेल याच्याशी त्याचा संबंध नाही. बॉक्सवर टच सॅम्पलिंग रेटचा (स्क्रीन सेकंदाला किती वेळा बोट तपासते त्याचा) मोठा आकडा छापलेला असतो तो अजून तिसराच. बेंचमार्कच्या, म्हणजे फोनचा वेग मोजून गुण देणाऱ्या ॲप्सच्या आकड्यांवर तर माझा काडीचा भरवसा नाही. २०२२ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२२ मध्ये असं निघालं की फोनची एक सेवा गेम आणि बाकी ॲप्सचा वेग आवरते पण बेंचमार्क ॲप्सना हात लावत नाही, तेव्हा गीकबेंच या बेंचमार्कवाल्यांनी ते फोन आपल्या यादीतून काढून टाकले होते. आकड्यांपेक्षा साधी टेस्ट करा, नकाशा चालू ठेवा, वर गाणं लावा, मध्येच कॅमेरा उघडून फोटो काढा आणि परत नकाशावर या. नकाशा होता तिथेच आहे की पहिल्यापासून लोड होतोय, ते बघा.

पहिल्यापासून होत असेल तर बहुतेक रॅम (उघडी ॲप्स धरून ठेवणारी मेमरी) कमी पडतेय. तिथे "८ जीबी प्लस ८ जीबी" वाली जाहिरात मदतीला येत नाही, कारण ती वरची व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचाच तुकडा असतो आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी स्लो. रिसेंट्समधून (नुकत्याच उघडलेल्या ॲप्सच्या यादीतून) दर दहा मिनिटांनी सगळी ॲप्स उडवायची सवय असेल तर ती पण सोडा, उडवलेलं ॲप परत शून्यापासून उघडायला जास्तच बॅटरी लागते.

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग, उशिरा येणारी नोटिफिकेशन्स. मेसेज सकाळी आला, दुपारी फोन उघडला तेव्हा टिंग वाजलं, आणि आपण म्हणतो नेट स्लो होतं. नेट नाही, बॅटरी वाचवायच्या नादात फोनच मागे चालणारी ॲप्स मारून टाकतो, आणि हे मारणं प्रत्येक कंपनीचं वेगळं, कोणी जास्त कडक कोणी कमी. तपासायला सोपं आहे, स्क्रीन बंद करून फोन तासभर टेबलावर तसाच ठेवा आणि मग कोणाला तरी मेसेज टाकायला सांगा. लगेच वाजला तर प्रश्नच नाही. नाही वाजला तर त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये अनरिस्ट्रिक्टेड करा, म्हणजे त्याला मागे चालायची मोकळीक मिळते, आणि ऑटोस्टार्ट (ॲपला आपोआप सुरू होऊ देणारा) असा पर्याय असेल तर तोही द्या. फक्त सगळ्याच ॲप्सना देऊ नका, मेसेज, मेल, अलार्म, बँक एवढं बस्स. आणि भलत्याच जाहिराती वाजत असतील तर नोटिफिकेशन हिस्टरी चालू करून ठेवा (अँड्रॉइड ११ पासून आहे), कुठलं ॲप कचरा पाठवतंय ते नावानिशी सापडतं.

कीबोर्ड तपासताना "हाय" "हॅलो" टाइप करून काय कळणार? आपल्या लिपीत टाइप करा. "दुसऱ्या" मधला ऱ्य, "ॲप" मधला ॲ, "वाङ्मय", "कर्तृत्व", हे न अडखळता येतं का, ऑटोकरेक्ट मध्येच हिंदी शब्द घुसवतो का ते बघा. मग फॉन्ट साइज सगळ्यात मोठा करा आणि सेटिंग्ज, मेसेज, कॉल लॉग फिरून या. काही फोनमध्ये वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, बटणावरचं नाव अर्धंच दिसतं. घरातल्या मोठ्या माणसांसाठी फोन घेत असाल तर ही टेस्ट कॅमेऱ्याच्या आधी करा.

कॉलची टेस्ट पण कोणी करत नाही. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी व्हायलाच हवी. काही फोनमध्ये वेगळा प्रॉक्झिमिटी सेन्सर (फोन कानाजवळ आला हे ओळखणारा) नसतो, ते काम सॉफ्टवेअरवर भागवलेलं असतं, आणि ते चुकलं की गालानेच म्यूट होतं किंवा कॉल कट होतो. लांब कॉल करा, मध्ये फोन खांद्यात धरा, कान बदला.

अपडेटच्या बाबतीत अँड्रॉइडचा नंबर बघून खूश होऊ नका, सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटची) तारीख बघा, ती सेटिंग्जमध्येच लिहिलेली असते. पॅच सहा महिने जुना असेल तर कंपनी त्या मॉडेलकडे किती लक्ष देते ते कळलंच. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून ७ वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय, पण ही वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल स्वस्तात मिळालं म्हणून आज घेतलं, तर ती दोन वर्षं आधीच गेलेली असतात.

शेवटी बिघाड शोधताना होणारी मोठी चूक, थेट फॅक्टरी रिसेट, म्हणजे सगळं पुसून फोन कोरा करणं. आधी सेफ मोड करा, बऱ्याच फोनमध्ये पॉवर ऑफचं बटण दाबून धरलं की तो पर्याय येतो. त्यात तुम्ही टाकलेली ॲप्स बंद असतात, म्हणजे तिथे फोन नीट चालला तर दोष एखाद्या ॲपचाच. स्क्रीनवर तरंगणारी ॲप्स आधी संशयात धरा, डोळ्यांसाठीचे फिल्टर, तरंगते बबल वगैरे, त्यांच्यामुळे कधीकधी परमिशनचं अलाउ बटणच दाबलं जात नाही आणि आपल्याला वाटतं टच गेला. स्टोरेज गच्च भरलंय का तेही बघून घ्या. एवढं करूनही रिसेट करावाच लागला तर चॅटचा बॅकअप आणि ओटीपी बनवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधली खाती आधी दुसरीकडे हलवा. आणि नंतर सेटअप करताना जुना बॅकअप लगेच परत ओढू नका. एक-दोन दिवस रिकामा फोन वापरा. रिकामाच अडखळत असेल तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा, नाहीतर एकेक ॲप हाताने टाकत जा, कुठल्या ॲपनंतर बिघडलं ते आपोआप कळेल.