गाणे शिकवायला सुरुवात करताना या चुका टाळा

नव्या शिक्षकांच्या हातून होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे विद्यार्थ्याला शिक्षकाच्या पट्टीत, म्हणजे शिक्षक ज्या उंचीच्या स्वराला षड्ज (सा) मानून गातो त्यात, गायला लावणे. ती मीही केली आहे. माझी पट्टी काळी दोन (पेटीच्या सप्तकातील दुसरी काळी पट्टी), म्हणून पहिल्याच वर्षी एका विद्यार्थिनीलाही मी त्याच पट्टीत बसवले. मध्यमापर्यंत ती सहज गात असे; धैवतापासून पुढे मात्र तिचा गळा आवळला जाई आणि तार षड्ज, म्हणजे वरचा सा, किंचाळल्यासारखा लागे. तीन महिने मी तिला रियाज वाढवायला सांगत राहिलो, तिनेही तो इमानाने वाढवला आणि परिणामी तिचा आवाज बसला. काही दिवसांच्या विश्रांतीनंतर तानपुरा काळी चारला लावून तिला त्या पट्टीच्या खालच्या षड्जापासून, म्हणजे आधीपेक्षा खालून, गायला सांगितले, तेव्हा तोच अलंकार (स्वरांचा सराव-पाठ) तिने कोणत्याही ताणाशिवाय तार षड्जापर्यंत नेला.

तेव्हापासून पहिल्या भेटीत मी काहीही शिकवत नाही. विद्यार्थ्याशी मोकळेपणी बोलतो, आणि ज्या पट्टीत त्याचा मंद्र (खालच्या सप्तकातील) पंचम स्पष्ट व तार (वरच्या सप्तकातील) गंधार विनासायास लागतो, ती पट्टी ठरवतो. आवाज फुटण्याच्या वयातील मुलांची पट्टी वरचेवर तपासावी आणि जुना वरचा स्वर हट्टाने गायला लावू नये.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक स्वर हार्मोनियमवर वाजवून देणे. विद्यार्थी लवकर सुरात आल्यासारखा वाटतो म्हणून अधीर शिक्षकांना हा मार्ग आवडतो. पेटी थांबली की त्याचा सूर हलतो, कारण त्याने स्वर शोधलेलाच नसतो. शिवाय पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागाइतका, चढा असतो. त्यामुळे मी पेटी बंद ठेवतो, एकदा गाऊन दाखवतो आणि तानपुऱ्यावर त्याला एकट्याला गाऊ देतो. त्याच्याबरोबर सतत गात राहणारा शिक्षक त्याची चूक ऐकूच शकत नाही.

पालकांच्या आग्रहाखातर पहिल्याच महिन्यात गाणे बसवून देऊ नये. ही घाई मला मुळीच मान्य नाही. हाताने ताल धरायला पहिल्या दिवसापासून लावावे. शुल्क आणि चुकलेल्या तासांचा नियम शिकवणी सुरू होण्याआधीच लिहून द्यावा.