लांबच्या सफरीसाठी शिडाची बोट तयार करताना: मुंबईच्या हंगामाप्रमाणे कामाचा क्रम

शिडाच्या बोटीवर संसार थाटून महिनोन्‌महिने फिरायचं म्हणणारे लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो सोलरचा: किती वॅटचा घेऊ? माझा उलटा प्रश्न असतो, बोट पाण्याबाहेर कधी काढताय? मी बंदरातल्या बोटींची वायरिंगची कामं करते, नवरा इंजिनं बघतो. आमची चौतीस फुटी फायबरची बोट आम्ही दोघांनी मिळून राहण्याजोगी केली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: मुंबईत या कामाचं वेळापत्रक पाऊसच ठरवतो.

मेच्या शेवटच्या उधाणाला बोट वर घ्यायची. पावसाळाभर ताडपत्रीखाली आतली कामं करायची. ऑक्टोबरच्या उन्हात तळ सुकवायचा, नोव्हेंबरात इपॉक्सी आणि रंग, डिसेंबरात पाण्यात. दमट हवेत इपॉक्सी वाळताना त्यावर मेणचट थर येतो आणि पुढचा हात त्यावर धरत नाही. असा थर आलाच तर आधी साध्या पाण्याने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. आधी पेपर मारलात तर मेण आणखी आत जाईल. आणि सुताराला, क्रेनवाल्याला होळीच्या आधीच सांगून ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे कोळ्यांच्या बोटीही त्याच सुमारास वर येतात. त्यांचं पोट त्या बोटींवर आहे, सुतार आधी त्यांच्याकडेच जाणार आणि तेच बरोबर आहे.

बोट वर आली की त्याच दिवशी तळ धुऊन घ्या, बार्नकल (तळाला चिकटणारे शिंपल्यासारखे जीव) वाळले की दगड होतात. तळावर फोड दिसले तर ओले असतानाच पेन्सिलने गोल करून ठेवा, सुकल्यावर ते बसतात आणि सापडत नाहीत. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आतलं आंबूस पाणी दाबाखाली असतं. तळ सुकला का हे बघायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दिवसभर उन्हात राहू द्या. आतून थेंब जमले तर अजून थांबायचं. इथे घाई केलेली मला बघवत नाही. ओल्या तळावर चढवलेला महागडा रंग पुढच्या वर्षी पुन्हा फोड घेऊन येतो.

मग सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर जाण्याचे नळ. एकेक उघडा आणि चाकूने खरवडा. आतला धातू गुलाबी दिसला तर पितळेतलं जस्त निघून गेलंय, हातोडीच्या टोल्याने तो तुटू शकतो. ब्रॉन्झचेच बसवा. पाण्याखाली अर्धा मीटर असलेलं ३८ मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला शंभराहून जास्त लिटर पाणी आत येतं, हाताच्या पंपाने ते उपसून होत नाही. म्हणून प्रत्येक सीकॉकला त्याच्या मापाची लाकडी गुल्ली दोरीने बांधून ठेवायची. होजला क्लिप दोन, त्याही ३१६ ग्रेडच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या.

३१६ म्हणून बाजारात ३०४, कधी कधी २०२ सुद्धा गळ्यात मारतात. गुलालवाडीत स्टील घ्याल तर दुकानातच मॉलिब्डेनमच्या (हा धातू ३१६ मध्ये असतो, त्या दोन्हींत नाही) टेस्टचा थेंब टाकून बघायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. नट-बोल्ट, होज नागदेवीला मिळतात. दारूखान्यात जहाजं तोडतात, तिथे ब्रॉन्झचे सुंदर व्हॉल्व निघतात, ते जरूर बघा. पण जिच्यावर वजनाचा शिक्का नाही अशी शॅकल, म्हणजे वायर-दोर जोडायची खिळीची कडी, डोलकाठीच्या कामाला घेऊ नका. आतल्या पार्टिशनसाठी प्लायवुड आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे मरीन प्लायच घ्या.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या वायरी दहा वर्षांच्या झाल्या असतील तर विचार न करता बदला. नव्या असतील तर वायरीवरून कापूस फिरवा, तुटलेला तंतू असेल तिथे तो अडकतो. खरा धोका चेनप्लेटमध्ये असतो, म्हणजे वायर बोटीला जिथे धरते त्या पट्टीत. डेकमधून जाणारा तिचा भाग कायम ओलसर राहतो, तिथे हवा लागत नाही आणि स्टेनलेस स्टील आतून चिरत जातं. वरून ती चकाकतच असते, म्हणून काढून बघायची. २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात अभिलाष टॉमींच्या ‘तुरीय’ची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. ते तर नौदलातले, एकट्याने न थांबता जगाला फेरी मारून आलेले. समुद्राची ताकद ही अशी, निदान आपल्या पट्ट्या तरी धड असाव्यात.

आता वीज, माझा विषय. आधी वहीत हिशोब मांडा. फ्रिज दिवसाला ५० अँपिअर-अवर, ऑटोपायलट ४०, दिवे, पंखे आणि उपकरणं मिळून ३५: झाले १२५. बारा व्होल्टवर हे १,५०० वॅट-अवर. मुंबईच्या स्वच्छ उन्हात पॅनेलच्या वॅटच्या चौपट धरा, म्हणजे ४०० वॅटचं पॅनेल १,६०० देईल, तेही शिडाची सावली पडली नाही तर. सावली पडतेच, म्हणून ६०० लावा. २०० अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून १०० वापरावेत, लिथियमच्या तेवढ्याच बॅटरीतून १६० आरामात मिळतात. मात्र लिथियम थेट अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावरच्या चार्जिंगच्या जनित्राला, जोडू नका. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळतो, मधे डीसी-टू-डीसी चार्जर हवा.

बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. यात सवलत नाही, बोटीवर आग लागली तर पळायला जागा नसते. लोहार चाळीत वायर मागताना कथलाचा मुलामा असलेलीच मागा. साधं तांबं खाऱ्या हवेत आतल्या आत काळं पडतं. सांधे क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. नुसतं सोल्डर केलेली वायर हादऱ्यांनी सोल्डर संपतं तिथे तुटते. वर गोंदवाली श्रिंक ट्यूब. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर आणि वहीत नकाशा. अंधारात, बोट हेलकावत असताना, मळमळत असलेल्या माणसालाही तो वाचता आला पाहिजे.

नांगराची साखळी ओहोटीच्या पाण्यावर मोजू नका. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं. ओहोटीला ४ मीटर खोली, त्यात साडेचार भरतीचे, एक मीटर नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची: साडेनऊ. त्याच्या पाचपट म्हणजे जवळजवळ ४८ मीटर साखळी सोडायची. साठ मीटर तरी बोटीवर ठेवा.

गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बिल्जमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या तळाच्या खोलगट भागात, साचतो. सिलिंडरचा कप्पा वेगळा आणि त्याचं भोक बोटीबाहेर, पाण्याच्या वर उघडणारं हवं. परदेशात आपले रेग्युलेटर बसत नाहीत, तिकडचं कनेक्शन तिकडेच घ्या. वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, बंदरात कधीच चालवू नका, तेल आणि गाळ त्यातला गाळणीचा पडदा खराब करतात.

सॅटेलाइट फोनबद्दल कळकळीने सांगते. परवानगीशिवाय तो भारतात जवळ बाळगणं गुन्हा आहे, परदेशी मित्राने प्रेमाने दिला तरी. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं यंत्र, मात्र घ्याच आणि बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात त्याची नोंदणी करा.

डिसेंबरात बोट पाण्यात गेली की लगेच लांब जाऊ नका. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघा, दुपारी वायव्येचा धरा, मुरुड, दिघी, मग जयगड. किनाऱ्यावर न उतरता तीन-चार रात्री बोटीवरच राहा, स्वयंपाक, अंघोळ, झोप सगळं तिथेच. रोज सकाळी फळ्या उचलून बिल्ज बघा. पाणी दिसलं तर फिल्टरवाल्यांकडे असतो तो, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर त्यात बुडवा. आकडा काही शेकड्यांत किंवा त्याहून कमी असेल तर पिण्याच्या टाकीतून किंवा तिच्या पाइपातून गळतंय, ते जयगडला दुरुस्त होईल. मीटरची मर्यादाच ओलांडली तर ते समुद्राचं पाणी आहे: आधी शाफ्टचं ग्लँड (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथलं सील), मग एकेक सीकॉक तपासा. तिथे काही सापडलं नाही, तर मुंबईला परत या आणि पुढच्या उधाणाला बोट वर घ्या.